उतारावर इनलाइन स्केटिंग: खडूच्या खुणांनी शिकायची पद्धत

इनलाइन स्केट्सवर, म्हणजे एका रांगेत चाकं असलेल्या स्केट्सवर, सपाट रिंकमध्ये सुरेख चालणारी माणसं उतारावर पडतात, आणि जवळजवळ सगळी एकाच कारणाने. रिंकवर पाय मारणं थांबवलं की वेग आपोआप मरतो. उतारावर तो वाढत जातो. रिंकवर दोन-दोन वर्षं काढूनही थांबायचा सराव झालेलाच नसतो आणि ते कळतं उताराच्या मधोमध.

नाशकात गंगापूर रोडला आमच्या भागात रविवारी सकाळी मी मुलांना आणि चार-पाच मोठ्यांनाही शिकवते. दर काही दिवसांनी कुणीतरी आई-बाबा मुलाला घेऊन येतात. "मॅडम, रिंकमध्ये पहिला येतो हा, डायरेक्ट उतारावरच घ्या ना." मी त्या मुलाला सपाटीवर जोरात यायला सांगते आणि खडूच्या रेघेवर थांबायला. बहुतेक जण रेघ ओलांडून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत जातात आणि भिंतीला हात टेकून थांबतात. मग मी विचारते, "आता इथे भिंत नाही असं समज. कुठे थांबला असतास?"

या लेखातली सगळी पद्धत एकाच नियमावर उभी आहे: सुरुवात उताराच्या तळापासून करायची आणि जिथून खात्रीने थांबता येतं तेवढंच वर चढायचं. माथ्यावर जाऊन "बघू जमतंय का" असं करायचं नाही.

टप्पा १: स्केट्स आणि गार्ड

उतार शिकायला ७६ ते ८४ मिलिमीटरची चाकं पुरेत. १०० किंवा ११० मिलिमीटरची चाकं जास्त पळतात आणि पाय जमिनीपासून उंच नेतात. ती नंतर. बूट घोट्यापर्यंत घट्ट हवा. बकल लावल्यावर टाच आत उचलली जात असेल तर ब्रेक दाबताना सगळा जोर बुटातच जिरतो.

हील ब्रेक हवाच. बहुतेक स्केट्सना तो उजव्या टाचेमागे असतो. रेसिंगच्या स्केट्सना तो नसतो, आणि क्लासमधली बरीच मुलं थेट रेसिंगच्या स्केट्सवरच शिकतात. अशा मुलासाठी उतारापुरते ब्रेकवाले स्केट्स कुणाकडून तरी मागून आणा, पण आणा.

ब्रेकचं पॅड उलटं करून बघा. रबर झिजत झिजत आतल्या बोल्टपर्यंत आलं की लोखंड रस्त्यावर घासतं. आवाज होतो, ठिणग्या उडतात, पकड मात्र काहीच मिळत नाही. आमच्याकडच्या एका काकांचं पॅड असंच झिजलेलं होतं. बोल्टचं डोकं एका बाजूने तासून चकचकीत झालं होतं आणि त्यांना वाटत होतं की आपलाच पाय कच्चा आहे. नवं पॅड लावल्यावर त्याच सकाळी ते थांबायला लागले.

गार्ड चार प्रकारचे: हेल्मेट, मनगट, कोपर, गुडघा. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं बसलं पाहिजे, कपाळ उघडं टाकून मागे सरकलेलं नको. त्यावर ईएन १०७८ हे मानक छापलेलं असेल तर ते सायकल आणि स्केटिंग दोन्हींना चालतं. मनगटाच्या गार्डला लोक सगळ्यात कमी महत्त्व देतात. पडताना हात सगळ्यात आधी पुढे जातो. पहिल्या वर्षी मी एक दिवस रिस्टगार्ड घरी विसरले आणि "आज हळूच फिरू" म्हणून तशीच उतरले. डावं मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये होतं. ज्या उतारावर पडले तो लहान मुलं तिचाकी सायकल घेऊन उतरतात इतका सौम्य होता.

तपासणी: प्रत्येक चाकाचा बोल्ट एलन कीने (षटकोनी चावीने) घट्ट आहे? चाक हाताने फिरवल्यावर खरखर न करता फिरतं? पॅडचं रबर बोल्टच्या बरंच बाहेर आहे? एकाही प्रश्नाचं उत्तर "नाही" असेल तर आज उतार नाही.

टप्पा २: सपाटीवरच्या चार परीक्षा

या परीक्षा सपाट काँक्रिटवर द्या. चारही पास झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

१. एका पायावर दहा मीटर सरळ जाणं, दोन्ही पायांनी आलटून पालटून. याने तोल कळतो. ब्रेक लावताना वजन काही क्षण एकाच पायावर असतं, म्हणून ही परीक्षा पहिली.

२. कात्री: एक पाय एका बुटाएवढा पुढे, दोन्ही गुडघे वाकलेले, पायांमधलं आडवं अंतर कमी. अशा स्थितीत वीस मीटर न डगमगता जाता आलं पाहिजे.

३. जोरात येऊन हील ब्रेकने पाच मीटरच्या आत थांबणं, दहापैकी दहा वेळा. आठ वेळा जमलं म्हणजे नापास.

४. मुद्दाम पडणं. गुडघे वाकवून खाली बसत बसत आधी गुडघ्याचे पॅड, मग कोपराचे, मग मनगटाचे गार्ड जमिनीला टेकवायचे, बोटं वर उचललेली. मुलं हे दोन मिनिटांत शिकतात. मोठ्यांना लाज वाटते, म्हणून ते टाळतात, आणि खरोखर पडायची वेळ आली की पाठीवर पडतात.

चौथी परीक्षा आधी गवतावर द्या, मग काँक्रिटवर. माकडहाडावर आदळण्यापेक्षा गुडघ्याच्या प्लास्टिकवर घसरणं कितीतरी बरं.

टप्पा ३: उतार शोधणं आणि मोजणं

नाशकात उतारांना तोटा नाही. शहर गोदावरीच्या दोन्ही काठांवर वसलेलं, त्यामुळे निम्मे रस्ते कुठे ना कुठे नदीकडे किंवा नासर्डीसारख्या नाल्याकडे उतरतात. त्यातले शिकायला लायक फार थोडे.

पंचवटीतून रामकुंडाकडे उतरणाऱ्या गल्ल्या नकोत. गर्दी, दगडी फरसबंदी आणि खाली ओला घाट. उड्डाणपुलांचे चढ-उतार नकोत, सकाळी सहाला रिकामे दिसले तरी. कसारा घाट, अंजनेरीची वाट यांचं नावही काढू नका. डोंगराच्या पायथ्याचे लहान रस्ते रिकामे असतात, पण तिथे वळणापलीकडून येणारी बाईक दिसत नाही. इमारतीच्या पार्किंगचा रॅम्प सोयीचा वाटतो, पण तो फार उभा असतो आणि खाली लगेच खांब असतात.

चांगला उतार असा: गाड्या येत नाहीत, वरपासून खालपर्यंत सगळा एका नजरेत दिसतो, निदान पाच मीटर रुंद आहे, आणि खाली वीस-पंचवीस मीटर सपाटी किंवा हलका चढ आहे. हा शेवटचा मुद्दा सगळ्यात मोठा. खाली फाटक, रस्ता किंवा गटार असेल तर बाकी सगळं चांगलं असूनही तो उतार रद्द. नव्या लेआउटमधले, अजून घरं न झालेले अंतर्गत रस्ते आणि मोठ्या सोसायट्यांचे आतले रस्ते यांत असे उतार सापडतात. परवानगी विचारून घ्या आणि वॉचमनला वेळ सांगून ठेवा, म्हणजे तो गाड्या दोन मिनिटं थांबवतो.

आता मोजणी. डोळ्यावर विश्वास ठेवू नका, वरून बघताना उतार नेहमी कमी वाटतो. एक मीटरची सरळ पट्टी आणि गवंड्याकडे असते ती पाणसळ घ्या. पट्टीचं एक टोक उताराच्या वरच्या बाजूला जमिनीला टेकवा, खालच्या बाजूचं टोक उचला. पाणसळेतला बुडबुडा मधोमध आला की खालच्या टोकापासून जमिनीपर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजा. जितके सेंटिमीटर, तितके टक्के उतार. पाणसळ नसेल तर मोबाइलमधलं लेव्हलचं ॲप चालेल. ते अंश दाखवतं. ३ टक्के म्हणजे पावणेदोन अंशांच्या आसपास.

सुरुवात २ ते ३ टक्क्यांवर करा. तुलनेसाठी: व्हीलचेअरच्या रॅम्पला बाराला एक, म्हणजे ८ टक्क्यांच्या आसपास, ही कमाल मर्यादा धरतात. चालताना तो फारसा वाटत नाही. स्केट्सवर मात्र शिकणाऱ्यासाठी तो खूप झाला.

वेग उंचीवर ठरतो हे मुलांना मी आकड्यांनी सांगते. १ मीटर उंची उतरून आलात की घर्षण आणि वारा सोडून ताशी १६ किलोमीटर, २ मीटर उतरलात की २२ च्या पुढे, ३ मीटरला साडेसत्तावीस. प्रत्यक्षात थोडा कमी भरतो. ३ टक्क्यांच्या उतारावर ३३ मीटर लांब आलात की १ मीटर उंची उतरता. आणि दुप्पट उंचीवरून निघालात की थांबायलाही साधारण दुप्पट अंतर लागतं.

सावधान: जागा पक्की झाली तरी दर वेळी आधी चपला घालून चालत जा, हातात खराटा घेऊन. आपल्या डांबरी रस्त्यांवर काळ्या खडीचा कच सुटतो. उन्हाळ्याच्या शेवटी लिंबोळ्या पडतात, त्या चाकाखाली चिरडल्या की साबणासारख्या निसटतात. दिवाळीनंतर फटाक्यांचे तुकडे. डिसेंबर-जानेवारीत नाशकात पहाटे दव पडतं, रस्ता कोरडा दिसतो पण तळहात टेकवला की ओल लागते. तेव्हा आठ वाजेपर्यंत थांबा. संक्रांतीच्या दिवसांत बंदी असूनही नायलॉन मांजा रस्त्यावर आडवा लोंबकळत असतो, त्या आठवड्यात उतार बंद ठेवा.

टप्पा ४: चढणं, उभं राहणं आणि आडवं उतरणं

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. उतारावर चाकं न घरंगळवता उभं राहता येत नसेल तर घरंगळायला शिकण्यात अर्थ नाही.

चढताना टाचा जवळ, चवडे बाहेर, बदकासारखं. पावलं छोटी, वजन आतल्या कडांवर. थकलात की उताराला आडवे व्हा: दोन्ही स्केट्स उताराच्या दिशेला काटकोनात. तसेच एकेक पाऊल आडवं टाकत चढता येतं आणि उतरताही येतं. पहिल्या दिवशी आमची मुलं फक्त हेच करतात, दहा मीटर आडवी चढतात, दहा मीटर आडवी उतरतात. कंटाळतात. पण मध्येच भीती वाटली, एखादी गाडी आली, पट्टा सुटला, तर सुखरूप खाली यायचा हा एकमेव मार्ग आहे.

नेहमीची चूक: उताराकडे तोंड करून उभं राहायचं आणि हेल्मेटचा पट्टा लावायला दोन्ही हात वर न्यायचे. चाकं तेवढ्यात निघतात. सगळी आवराआवर आडवं उभं राहूनच करा.

टप्पा ५: खुणा आखणं आणि पहिली घसरण

उतार जिथे संपतो तिथे शून्याची रेघ मारा. तिथून वर दर तीन मीटरवर एक खूण: १, २, ३... खडू रंगीत घ्या, पांढरा काँक्रिटवर दिसत नाही.

खूण १ वर आडवे उभे राहा. गुडघे वाकवा, हात सायकलचं हँडल धरल्यासारखे समोर, नजर खालच्या सपाटीच्या टोकावर. छोटी पावलं टाकत खाली तोंड करा, लगेच कात्री धरा आणि जाऊ द्या. ब्रेक नाही, काही नाही. सपाटीवर जाऊन आपोआप थांबाल. किती लांब गेलात तिथे रेघ मारा. दहा वेळा. मग खूण २.

भीती वाटली की शरीर मागे कलतं, ताठ होतं. पाय पुढे पळतात आणि माणूस पाठीवर येतो. उपाय एकच: नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली जाणवली पाहिजे. सुटली की समजा, मागे गेलात. मी मुलांना घरंगळताना मोठ्याने बोलायला लावते, "टेकलीय, टेकलीय". बोलायचं थांबलं की मला कळतं.

टप्पा ६: ब्रेक, आणि तो सुरुवातीपासून

लोक वेग आला की ब्रेक लावतात. शिकताना ब्रेक लावूनच निघायचं.

खूण ३ वरून निघताना पहिल्याच मीटरला पॅड रस्त्याला टेकलेलं असू द्या. कृती अशी, आणि याच क्रमाने:

आधी खाली बसा, गुडघ्यांतून. मग ब्रेकचा पाय पुढे सरकवा, इतका की त्याचं मागचं चाक दुसऱ्या पायाच्या पुढच्या चाकाच्या रेषेत येईल. मग त्या पायाचा चवडा उचला, पॅड हलकेच टेकेल. अजून सगळं वजन मागच्या पायावरच आहे. आता बुटक्या स्टुलावर बसतो तसं कंबर खाली न्या आणि टाच पुढे रेटा. जोर हळूहळू वाढवा. रबराचा आवाज सुरुवातीला बारीक येतो, जोर वाढला की जाड होतो. तो आवाज ऐका, डोळे वर ठेवा.

क्रम उलटला की गोंधळ होतो. बसायच्या आधी चवडा उचलला तर तोल मागे जातो. पाय पुढे न नेता चवडा उचलला तर पॅड नीट टेकत नाही. पाय लांब फाकलेले असतील तर शरीर ब्रेकच्या बाजूला गर्रकन वळतं. हे वळणं आमच्याकडे सगळ्यात जास्त दिसतं, आणि लोक त्याचा दोष पॅडला देतात. दोन गुडघ्यांमध्ये एक तळहात मावेल एवढंच अंतर ठेवून बघा, वळणं जातं. कंबरेतून पुढे वाकून खाली बघणं ही दुसरी चूक. वजन चवड्यावर येतं आणि पॅड उचललं जातं.

खूण ३ वरून निघून खूण १ यायच्या आधी पूर्ण थांबायचं, उतारावरच, सपाटीवर नाही. दहापैकी दहा वेळा जमलं की खूण ४. एकदा चुकलं की एक खूण खाली. हा नियम मोडायचा मोह सगळ्यांना होतो, विशेषतः बाबालोकांना. मुलगा खूण सहावर आहे म्हणून आपण खूण तीनवर राहायचं नाही, असं त्यांना वाटतं. मुलाचं वजन कमी, पडण्याची उंची कमी, हाडं लवचिक. तुमची खूण तुमची.

सहाव्या खुणेनंतर ब्रेक दाबा-सोडा-दाबा असा वापरायला शिका: वेग थोडा वाढू द्या, पुन्हा उतरवा. पॅड सतत घासत ठेवलं तर मांडी थरथरायला लागते. थरथर सुरू झाली की त्या दिवसाचा सराव संपला. थकलेल्या मांडीने मारलेला ब्रेक अर्धाच लागतो.

तपासणी: वरच्या खुणेवरून निघून, कुणीतरी अचानक "थांब!" ओरडल्यावर तीन-चार मीटरमध्ये थांबता येतं का? ओरडायला दुसऱ्या कुणाला उभं करा. कधी ओरडणार ते आधी सांगू नये.

टप्पा ७: नागमोडी वळणं

रस्ता रुंद आणि पूर्ण रिकामा असेल तरच. सरळ खाली न येता एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवं जायचं. आडवं जाताना वेग वाढत नाही, आणि वळण थोडं चढाकडे नेलं तर उतरतो. गंमत सगळी त्या शेवटच्या तुकड्यात आहे. वळण अर्धवट सोडून लगेच दुसरं सुरू केलं की प्रत्येक वळणागणिक वेग वाढतच जातो. स्केट्सची टोकं क्षणभर चढाकडे बघतील इतकं वळण पूर्ण करा.

ज्या बाजूला वळायचं त्या बाजूचा पाय पुढे, डोकं आणि खांदे आधी वळवा, पाय मागून येतात. सपाटीवर बाटल्या मांडून दोन्ही बाजूंचा सराव करून मगच इथे या. प्रत्येकाची एक बाजू कच्ची असते. उतारावर वळायची वेळ नेमकी त्याच बाजूला येते, म्हणून कच्च्या बाजूचा सराव दुप्पट करा.

टप्पा ८: बाकीचे ब्रेक

टी-स्टॉप म्हणजे मागचा पाय आडवा धरून चाकं ओढणं. दिसायला छान, सौम्य उतारावर वेग उतरवायलाही ठीक. पण वजन पुढच्या पायावर न राहिल्यास शरीर गोल फिरतं, आणि ओढायच्या पायाची चाकं एका बाजूने खाल्ली जातात. ती महिन्या-दोन महिन्यांनी उलटी करून, जागा बदलून लावा.

दोन्ही पाय फाकवून टाचा बाहेर ढकलत थांबण्याचा प्रकार फक्त हळू वेगाला चालतो. पॉवरस्लाइड, म्हणजे चाकं आडवी घसरवत थांबण्याचा प्रकार, या लेखात नाही. हील ब्रेक पक्का असलेल्या माणसाने तो वेगळा, गुरूसमोर शिकावा.

बाहेर पडायची वाट मात्र सगळ्यांना हवी. निघण्याआधी ठरवा: ब्रेक लागला नाही तर कुठे जाणार? कडेचं गवत असेल तर कात्री धरून, गुडघे खूप वाकवून, दोन-चार धावती पावलं टाकत आत जायचं. गवत नसेल तर वेग अजून कमी असतानाच गुडघ्याच्या पॅडवर बसायचं. चालत्या स्कूटरला, झाडाला, मित्राला धरायचं नाही. मित्राला तर कधीच नाही, दोघंही पडतात.

टप्पा ९: पुढचा उतार

२-३ टक्क्यांवरच्या सगळ्या खुणा पूर्ण झाल्या की ४, मग ५ टक्के. दर वेळी खूण १ पासून. उतार बदलला की शरीराला तो नवाच असतो. ब्रेकला आता उताराशीही झुंजायचं असतं, म्हणून थांबायचं अंतर वाढतं, हे धरूनच सुरुवात करा.

वेग वाढल्यावर कधी कधी स्केट्स आपोआप डावी-उजवी थरथरायला लागतात. घाबरून ताठ झालात की थरथर वाढते. खाली बसा, एक पाय पुढे काढून कात्री लांब करा, वजन किंचित टाचांकडे न्या, मग हळू ब्रेक. त्या दिवशी परत वर जाऊ नका. घरी जाऊन चाकांचे बोल्ट आणि बुटाची बकलं तपासा, बऱ्याचदा कारण तिथेच सापडतं.

पिशवीत कायम असू द्या: एलन की, जास्तीचं पॅड, पाणी, मलमपट्टी आणि खडू. जूनमध्ये पाऊस लागला की उतार बंद. ओल्या रस्त्यावर पॅडही धरत नाही, चाकंही धरत नाहीत. चार महिन्यांत खुणा धुऊन जातात. ऑक्टोबरमध्ये रस्ता वाळला की पुन्हा शून्याची रेघ मारा, आणि मागच्या मोसमात कितव्या खुणेवर होतात ते विसरून खूण १ वर उभे राहा.